कोब्यावरचा वाफा

आमच्या वसाहतीच्या मधोमध एक अंगण आहे. चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंटचा कोबा. बाहेरच्या माणसाला त्यात काही विशेष दिसणार नाही. परंतु तो कोबा व्हावा म्हणून आम्ही केलेल्या अर्जांची फाइल अजून आमच्याकडे आहे, आणि ती चांगली जाडजूड आहे. २००६ साली कोबा झाला. त्यापूर्वी मृग बरसला की घराघरांत चिखल. मुलांचे शाळेचे बूट हातात आणि पाय राड्यात. म्हातारी माणसे घसरून पडत. लग्नाचा मांडव घालायचा तर आधी मुरूम आणून टाकावा लागे. कोबा पक्का झाला तेव्हा बायांनी बादल्यांनी पाणी ओतून आणि खराट्याने घासून सगळे अंगण धुतले. आपल्या दारापुढची जमीन धुता येते, ही केवढी गोष्ट होती!

त्याच कोब्यावर माती आणून टाकावी, अशी सूचना आम्ही चौघा-पाच जणांनी २०२१ साली वसाहतीच्या बैठकीत मांडली. त्या वेळी जे ऐकावे लागले ते सगळे येथे छापण्यासारखे नाही. तरुणांना मोटारसायकली उभ्या करण्याची जागा जाईल अशी भीती होती. ती आम्ही फारशी मनावर घेतली नाही. पण एका ज्येष्ठ काकांनी नेमके बोट ठेवले. ते म्हणाले, "चिखलातून बाहेर यायला आपली वीस वर्षं गेली. आता तुम्ही शिकलेली पोरं तोच चिखल पुन्हा दारात आणताय?"

या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. काका स्वतः गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारती बांधल्या आणि या कोब्याचा ढाळही त्यांनीच उभे राहून काढून घेतला होता. त्यांचा राग समजण्यासारखा होता.

मुळात ही कल्पना निघाली ती वसाहतीतल्या एका आजींमुळे. आजी परभणीकडच्या. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात त्यांचे वडील तुरुंगात गेले होते. जमीन काही मिळाली नाही. पुढे १९७२च्या दुष्काळात आजींनी खडी फोडली आणि दुसऱ्या वर्षी नवऱ्याबरोबर मुंबईची गाडी धरली. खुरपणी, वेचणी, काढणी असे शेतातले प्रत्येक काम त्यांच्या हाताला ठाऊक आहे. पण सातबारावर त्यांचे किंवा त्यांच्या घरातल्या कोणाचे नाव कधी लागले नाही.

२०२० सालच्या टाळेबंदीत भाजीची गाडी कित्येक दिवस वसाहतीकडे फिरकली नाही. तेव्हा आजींनी रंगाच्या रिकाम्या डब्यात मेथीदाणे टाकले. महिनाभराने दोन-दोन काड्या का होईना, पण शेजारच्या प्रत्येक घरात त्यांनी मेथी पोचवली. ते पाहून आणखी चार घरांनी डबे मांडले. डब्यांचे पुढे काय होते ते वाचक भगिनींना सांगायला नको. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी घाला, तरी माती खडखडीत. पावसाळ्यात खालच्या ताटलीत पाणी साचून डास. शिवाय जुन्या रंगाच्या डब्यात खायची भाजी लावणे बरे नव्हे. काही जुन्या रंगांत शिसे असते. डब्यांऐवजी सर्वांचा मिळून एकच मोठा वाफा करावा, हे तेव्हापासून मनात होते.

कोबा फोडून खालच्या जमिनीत वाफा का केला नाही, असे कोणी विचारील. खालून पाण्याची नळी आणि गटाराची वाहिनी गेली आहे. शिवाय जो कोबा मागून मागून मिळवला त्यावर आम्हीच पहार मारायची, हे कोणालाच पटले नसते. म्हणून जे करायचे ते कोब्याच्या वर. शेतकी भाषेत ज्याला गादीवाफा म्हणतात तोच, फक्त खाली जमीन नाही.

यात नवलाई काही नाही. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि क्यूबाला तिकडून मिळणारे तेल, खत, धान्य आटले. तेव्हा हवाना शहरातल्या लोकांनी पडीक आणि भाजीला निरुपयोगी अशा मोकळ्या जागांवर काँक्रीटच्या किंवा विटांच्या ठेंगण्या कडा उभ्या करून, त्यात माती आणि कुजलेले खत भरून भाजी पिकवली. आपल्याकडे मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीतले उसाचे चिपाड वापरून गच्चीवर भाजी काढून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. हे सारे आम्ही बैठकीत सांगितले. अखेर ठराव झाला तो असा : एकच वाफा, एका वर्षापुरता, अंगणात चिखल दिसला की वाफा काढायचा. ठराव लिहिला आमच्यापैकीच एकाने, त्यामुळे अटीचा अर्थ नंतर फिरवण्याची सोय उरली नाही.

जून २०२१ मध्ये आम्ही पहिला वाफा बांधला आणि जुलैमध्ये तो बुडाला. चुका आमच्याच होत्या. त्या लपविण्यात अर्थ नाही, कारण नवीन करणारा नेमक्या याच चुका करतो.

जागा निवडली ती एका घराच्या भिंतीला लागून, कारण एक बाजू आयती मिळत होती आणि विटा वाचत होत्या. बाकीच्या तिन्ही बाजूंना विटांचे चार थर, सगळे सांधे सिमेंटने गच्च भरलेले. उंची झाली जेमतेम फूटभर. तळाला डबराचा जाड थर, "पाणी निचरावे म्हणून". वर माती. म्हणजे वाफा नव्हे, आम्ही एक हौदच बांधला होता. बांधकाम चालू असताना आजी काठी टेकत आल्या, सभोवार फिरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, पाणी कुठून जायाचं हाये याचं? कुंडीला बी बुडाला भोक असतंय." आम्ही हसून म्हणालो, "आजी, खाली डबर आहे ना." आजी काही बोलल्या नाहीत.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पालक उभाच कुजला. मातीला नासका वास येऊ लागला. मागच्या घराच्या भिंतीवर आतून ओल चढली, रंगाचे पोपडे सुटले, आणि त्या घरातल्या ताई आमच्या दारात येऊन जे बोलल्या ते योग्यच बोलल्या. पुढे एका रात्री कोपऱ्याच्या विटा फुगून सुटल्या आणि लाल चिखल सबंध अंगणभर पसरला. सकाळी काका कठड्यापाशी उभे राहून पाहत होते. ठरावाची आठवणसुद्धा त्यांनी करून दिली नाही. ते अधिक लागले.

त्या रविवारी आम्ही वाफा मोडला, माती पोत्यांत भरली, अंगण धुतले आणि ताईंच्या भिंतीचा खर्च वर्गणीतून दिला. विषय संपला असेच आम्ही धरून चाललो होतो. गणपती झाल्यावर एका संध्याकाळी काकाच म्हणाले, "म्हातारीनं सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाही. आणि मला कोणी विचारलंच नाही." त्यांचे म्हणणे असे की वाफा वाईट नव्हता, बांधकाम वाईट होते; आणि आपल्या वसाहतीत वाईट बांधकाम झाले हे त्यांना सहन होत नव्हते. अट कायम. चिखल दिसला तर पहार घेऊन ते स्वतः येणार.

दसरा झाल्यावर दुसरा वाफा उभा राहिला, तो आजतागायत आहे. तो कसा बांधला हे जरा सविस्तर सांगतो.

काकांनी पहिल्या दिवशी विटेला हात लावला नाही. एक बादली पाणी मागितले, अंगणाच्या वरच्या अंगाला ओतले आणि पाणी जसजसे वाहत गेले तसतशी त्याच्या कडेने खडूची रेघ मारायला मुलांना सांगितले. तीन-चार ठिकाणी असे केल्यावर कोब्याचा ढाळ सर्वांना डोळ्यांनी दिसला. वाफ्याची लांब बाजू त्या ढाळाच्या दिशेने ठेवायची, आडवी नव्हे. आडवी ठेवली तर अंगणाचे सगळे पाणी वाफ्यावर येऊन अडते. भिंतीपासून दोन फूट अंतर सोडले, म्हणजे ओल जात नाही आणि मागे झाडू फिरतो. ऊन किती मिळते ते आम्ही एका सुटीच्या दिवशी तासातासाने पाहिले. फळभाजीला सहा तास तरी हवे. पालेभाजीचे चार तासांत भागते.

माप घेतले आतून आठ फूट लांब, तीन फूट रुंद. रुंदी हातावर ठरते. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर चार फुटांपर्यंत चालते. एकाच बाजूने पोचत असेल तर दोन-अडीच फुटांपुढे जाऊ नये, नाहीतर माणूस आत पाय ठेवतो आणि माती दबते. उंची दीड फूट ठेवली, याला दोन कारणे. पहिले कारण आजींचे गुडघे. एका लांब बाजूची भिंत नऊ इंची करून घेतली, म्हणजे तिच्यावर बसून, न वाकता खुरपता येते. बाकी तिन्ही बाजू साडेचार इंची. अशा पातळ भिंतीने दीड फुटाच्या वर जाऊ नये. ओली माती बाहेर रेटा देते, हे आम्ही जुलैमध्ये पाहिले होतेच.

दुसरे कारण निचऱ्याचे. ते समजावून सांगण्यासाठी आम्ही मुलांपुढे एक प्रयोग केला, तो घरी कोणालाही करता येईल. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पुरता भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागते. मातीचेही असेच आहे. तळ पक्का असला की अगदी खालच्या दोन-चार बोटे मातीत पाणी धरून राहते. वाफा उथळ असेल तर ती ओल मुळांशी येते, खोल असेल तर मुळांपासून लांब राहते. तळाला खडी-डबर घातल्याने यात सुधारणा होत नाही. बारीक माती पुरती चिंब झाल्याशिवाय पाणी खालच्या डबरात उतरतच नाही. उलट डबराने जितकी जागा खाल्ली तितकी माती उथळ झाली. कुंडीत ठिकऱ्या घालण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. भोकातून माती जाऊ नये म्हणून एखादी ठिकरी ठीक, पण जाड थर नको.

पालेभाजीला आठ इंच माती पुरते; वांगी-टोमॅटोला फूट-सव्वा फूट हवी. दीड फुटात सगळे येते.

विटा जुन्या, एका पाडलेल्या इमारतीच्या, अडीचशे लागल्या. सहा थर, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता. सर्वांत खालच्या थरात काकांनी विटेविटेमध्ये बोटभर फट उघडी ठेवली, उताराच्या टोकाला जास्त. त्याच पाणी जाण्याच्या वाटा. आतून धान्याच्या विणलेल्या प्लास्टिक पोत्यांचे अस्तर लावले. त्यातून पाणी झिरपते, माती जात नाही. गोणपाटही चालते, पण ते एका पावसाळ्यात कुजते. कोणी कडेसाठी जुने सिमेंटचे पत्रे देऊ केले होते, ते आम्ही घेतले नाहीत. त्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि तुटताना त्याची जी बारीक कुसळे उडतात ती फुप्फुसाला घातक. घराला ते छप्पर असेल तर त्याला छेडू नये. वाफ्यासाठी मात्र तोडून-कापून आणू नये.

नवे सिमेंट असल्याने वाफा भरण्यापूर्वी आठ दिवस रोज पाणी मारून धुतला. पहिल्या पाण्यात सिमेंटचा चुनखडीपणा उतरतो आणि तो कोवळ्या रोपांना मानवत नाही.

आता भरण. नुसत्या मातीने असा वाफा भरला तर ती दबून दगड होते. नुसत्या खताने भरला तर दिवाळीपर्यंत अर्धा रिकामा. तळाच्या वीतभर भागात रसवंतीवाल्याकडून फुकट आणलेले चिपाड आणि वाळका पाला, मध्ये मध्ये शेणकाला. चिपाड आधी भिजवून चार दिवस पसरून ठेवावे, नाहीतर मुंग्यांचे वारूळ होते. त्यावर दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेले शेणखत. माती आणायची तर रोपवाटिकेतली आणावी. बांधकामाच्या जागेवरची फुकट मिळते म्हणून आणू नये. तिच्यात चुना, काचा, रंग काय काय असते. घमेली आम्ही मोजली. चौऱ्याहत्तर भरली. तरुण मंडळी, ज्यांचा मोटारसायकलीवरून विरोध होता, त्यांनीच निम्म्याहून अधिक वाहिली, हे नमूद केले पाहिजे. अर्थात त्या दिवशी क्रिकेटचा सामना नव्हता.

पहिली मेथी पिवळी पडली. आम्ही घाबरलो. आजी म्हणाल्या, "खालचं कच्चं हाये, ते वरच्याचं खातंय." शेतकी पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत असते. कच्चा काडीकचरा कुजताना जंतू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पिकाला कमी पडते. पाच किलो निंबोळी पेंड मातीत मिसळली आणि आठवड्याला शेणपाणी दिले. दुसरी पेरणी हिरवीगार आली. फेब्रुवारीपर्यंत माती चार-पाच बोटे खचली, ती दर वर्षी खताने भरून काढतो.

उन्हाळ्याचे आम्हाला वाटले होते त्यापेक्षा कठीण गेले. कोबा दिवसभर तापतो आणि रात्रीही ऊब सोडत राहतो. पश्चिमेकडच्या विटांना हात लावला तर चटका बसे आणि त्या कडेची रोपे आधी माना टाकत. तिथे ओली पोती लटकावली, मातीवर दोन बोटे पाल्याचे आच्छादन घातले, वरून हिरवी जाळी बांधली. पाणी सकाळी लवकर. तरी मे महिन्यात लाल माठ आणि चवळीशिवाय काही टिकले नाही.

खरी परीक्षा होती ती २०२२च्या पावसाळ्याची. जुलैमध्ये पहिला मोठा पाऊस पडला तेव्हा आम्ही बरेच जण छत्र्या घेऊन अंगणात उभे होतो. काकाही होते. वाफ्याच्या खालच्या फटींतून पाणी येऊ लागले. चहासारख्या रंगाचे, पण पाणी; माती नव्हे. काकांनी वाकून ते ओंजळीत घेऊन पाहिले, दोन बोटांनी चोळले आणि "बरं" एवढेच म्हणून घरात गेले.

पावसाळ्यात माती उघडी ठेवायची नाही, हा तेव्हापासूनचा नियम आहे. पीक नसेल तिथे पाला असतो. उताराच्या टोकाला गवती चहाची रांग आहे आणि त्याच्याच अलीकडे, जिथे ओल सर्वांत जास्त राहते तिथे, अळू. मायाळू काठ्यांवर चढवली आहे.

हिशेब. हा आमचा रोजचाच धंदा, म्हणून टाळत नाही. विटा फुकट, टेम्पो १,२०० रुपये. सिमेंट दोन गोणी ७६०. वाळू ६००. लाल माती अठरा गोण्या १,४४०. शेणखत आठ गोण्या ८००. निंबोळी पेंड २००. बियाणे १५०. एकूण ५,१५० रुपये, मजुरी शून्य. पहिल्या बुडीत वाफ्याचे आणि ताईंच्या भिंतीचे पैसे यात धरलेले नाहीत. ते धरले तर आकडा दुपटीच्या जवळ जातो. पहिल्या वर्षी जी भाजी निघाली ती आम्ही जुडी-जुडी वहीत लिहिली. बाजारभावाने २,३०० रुपयांची झाली. सव्वीस घरांत वाटल्यावर एका घराच्या वाट्याला वर्षाला नव्वद रुपयांचीही नाही. तेव्हा "घरची भाजी, बाजाराला सुट्टी" असे जे कोणी सांगतात त्यांच्यावर चोवीस चौरस फुटांच्या जोरावर विश्वास ठेवू नये. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, गवती चहा यांना मात्र वसाहतीत आता कोणी पैसे मोजत नाही.

पाणी घालण्याच्या पाळ्या लावल्या आहेत, दर घराला एक दिवस. पाळीचा तक्ता पाहिला तर खाडे कोणाचे हे कळते. बायांचे क्वचित, पुरुषांचे बरेच. या लेखाच्या लेखकमंडळींचेही त्यात आहेत.

शेजारच्या इमारतीतली मंडळी वाफा पाहून गेली आणि असाच गच्चीवर बांधायचा म्हणाली. त्यांना आम्ही हात जोडून थांबवले. जमिनीवरच्या कोब्याखाली जमीन असते; गच्चीच्या खाली माणसे राहतात. वापरातल्या सपाट गच्चीचा हिशेब सामान्यतः चौरस मीटरला दीडशे किलो वजन धरून केलेला असतो. दीड फूट ओली माती चौरस मीटरला सहाशे किलोंच्या वर जाते, विटा वेगळ्या. गच्चीवर करायचेच तर इंजिनिअरला विचारून, तुळईच्या किंवा भिंतीच्या माथ्यावर, चिपाड-पाल्याने भरलेल्या हलक्या पिशव्या ठेवाव्यात. आमच्यासारखा विटांचा वाफा तिथे नको.

वर्षाची मुदत संपली तेव्हा ठराव पुन्हा बैठकीपुढे आला. फार चर्चा झाली नाही. काकांनी फक्त एवढेच सांगितले की दुसरा वाफा घालायचा असेल तर तो उत्तरेच्या बाजूला, कारण दक्षिणेला मांडवाचे खांब येतात. दुसऱ्यासाठी विटा जमवणे चालू आहे. सध्या एकशे दहा झाल्या आहेत. ताईंनी, ज्यांच्या भिंतीला ओल आली होती, त्यांनी त्यात वांगी लावायची असे आधीच सांगून ठेवले आहे.

आजी सकाळी उन्हाला त्या नऊ इंची भिंतीवर येऊन बसतात. मुले शाळेत जाताना थांबतात, कोणी चार चवळीच्या शेंगा तोडतो. त्यांना कोणी काही म्हणत नाही. अंबाडी मात्र आजींची. बी गावाकडून एका भाचीने पुडीत बांधून दिलेले. दर मृगाला पेरतात. पाला सगळ्यांना मिळतो. पण दोन झाडे त्या बियांसाठी सोडतात. ती माणसाच्या उंचीएवढी वाढतात आणि अर्धा वाफा सावलीत घेतात. यंदा एकाने, अर्थात आमच्यापैकीच, ती काढावीत असे सुचवून पाहिले. आजींनी काठीने झाडाच्या बुडाशी मातीत एक गोल रेघ ओढली आणि म्हणाल्या, "ह्याच्या आत कुणी यायचं न्हाई."